दोनशे बारा जणांपुढे धरलेली किल्ली

किल्ली आणि पत्ता कधी एका जागी ठेवायचा नाही, हा किल्लीकाकांच्या दुकानाचा कायदा होता. जोडकिल्ली करायला किंवा सांभाळायला आलेली किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला लागायची, तिच्याबरोबर पितळेचा नंबराचा बिल्ला असायचा, आणि तो नंबर कुणाचा हे फक्त काकांच्या डोक्यात. वही नाही, चिठ्ठी नाही. उद्या दुकान फोडून कुणी शंभर किल्ल्या नेल्या, तरी माळ करून गळ्यात घालण्यापलीकडे त्याला त्यांचा उपयोग होणार नाही, असं ते म्हणत. त्यावर काकू विचारत, "आणि उद्या तुमचंच डोकं फिरलं, तर अर्धं गाव दाराबाहेर बसेल त्याचं काय?" पण या एका बाबतीत काकांचं डोकं छत्तीस वर्षांत कधी फिरलं नाही. इतर बाबतींत काकूंचं मत वेगळं होतं.

दुसरा कायदा त्याहून कडक. घरमालक समोर असल्याशिवाय कुलपाला हात लावायचा नाही. एकदा कुणाच्या तरी जावयाला त्यांनी सामानसुमानासकट दोन तास जिन्यात उभं केलं होतं, का तर सासरे बाजारातून परतले नव्हते. सासरे आले, हसले, चहा पाजला. जावई मात्र अजून रस्त्यात दिसला की दुसऱ्या बाजूने जातो.

दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची जागा. डावीकडे झेरॉक्सवाला, उजवीकडे औषधांचं दुकान, आणि मधे काका. आत एक किल्ली कापायचं मशीन, एक शिकंजा, कानशींचा डबा, आणि भिंतभर किल्ल्या. दोन गिऱ्हाइकं एकदम आली तर एकाला बाहेर थांबावं लागे. अलीकडे मात्र तशी वेळ येत नव्हती. दारं आता अंगठ्याने उघडायला लागली होती. कुलपं खोक्यात बंद होऊन घरपोच येत होती, आणि बसवायची कशी हे लोक फोनवर बघून घेत होते. कधी कधी दिवसभरात एका कपाटाची किल्ली, तीही चुकून आल्यासारखी. काका संध्याकाळी घरी जाऊन काकूंना सांगत, "आज बरीच गर्दी होती." काकू "हो का" म्हणत आणि पोळी वाढत. दोघांनाही खरं ठाऊक होतं, त्यामुळे त्या विषयावर कधी भांडण झालं नाही.

हे सूनबाईंच्या लक्षात आलं. सूनबाई एका कंपनीत होत्या आणि त्यांचं कामच मुळी वेबिनार भरवण्याचं होतं. कुणी डॉक्टर, कुणी वकील, कुणी योगासनं शिकवणारा; सूनबाई त्यांना पडद्यावर बसवायच्या आणि लोक घरबसल्या ऐकायचे. एका रविवारी त्यांनी चहाचा कप बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "बाबा, तुम्ही एक वेबिनार घ्या."

"कशावर?"

"कुलपांवर. घराला कुठलं कुलूप लावावं, किल्ली हरवली तर काय करावं, दाराला काय नको."

"हे सगळं मी दुकानात फुकट सांगतोच की."

"दुकानात येतंय कोण?" सूनबाई म्हणाल्या आणि लगेच जीभ चावली. मग मवाळ आवाजात समजावायला लागल्या. दुकानात एका वेळी एकच जण येतो, तिथे दोनशे येतील. भाडं नाही, खुर्च्या नाहीत, चार गावांतली माणसं आपापल्या घरी बसून ऐकतील. जाहिरात केली की लोकांना वाटतं हा विकायला आलाय. शिकवलं की वाटतं याला कळतं. लोक प्रश्न विचारतात, त्यातून त्यांना नेमकी कशाची धास्ती आहे ते समजतं. ज्यांनी नाव नोंदवलं त्यांच्याशी पुढेही बोलता येतं. आणि सगळं रेकॉर्ड होतं, म्हणजे तुम्ही जेवायला बसलात तरी तुमचं दुकान बोलतच असतं.

"म्हणजे मी गप्प बसलो तरी मी बोलणार," काका म्हणाले. "हे काही बरं दिसत नाही."

पण दिसायला बरं नसलं तरी पटण्यासारखं होतं. औषधवाला त्यांची जागा घ्यायला टपलेला होता. दुकान सुटलं तर आपण घरी बसून करणार काय, हा विचार काकांना सोडत नव्हता. शेवटी त्यांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांची झोप उडाली.

तीन वेळा सराव झाला. पहिल्या सरावात काका पूर्ण वेळ स्वतःच्याच चेहऱ्याकडे बघत राहिले. पडद्यावरचा तो माणूस त्यांना चोरी करताना सापडल्यासारखा दिसत होता. दुसऱ्यात ते इतकं हळू बोलले की काकू शेजारच्या खोलीतून ओरडल्या, "कुणाच्या घरात शिरताय का?" तिसऱ्या वेळी सूनबाईंनी युक्ती सांगितली. "बाबा, माणसांकडे बघूच नका. हातात एखादं कुलूप घ्या आणि त्याच्याशी बोला. लोक ऐकतील." ती मात्रा लागू पडली. कुलपाशी बोलण्यात काकांचा हात धरणारा कुणी नव्हता.

गुरुवारी सकाळी अकराला सुरुवात. काकांनी फोन शिकंज्यात अलगद पकडून बसवला. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा वाढत गेला. चाळीस, नव्वद, दीडशे, दोनशे बारा. काकांची दातखीळ बसायची वेळ आली. मग त्यांनी एक जुनं कुलूप उचललं, त्याचा गाभा काढून तळहातावर ठेवला, आतल्या बारीक पिना दाखवल्या आणि म्हणाले, "हे बघा, ही सगळी मंडळी एका रांगेत उभी राहिली तरच दार उघडतं. एक जरी वाकडी उभी राहिली की बसा बाहेर." कुणीतरी हसल्याची चित्रं पाठवली. तिथून काका सुटले.

काय बोलले, विचारू नका. सव्वीस मिनिटांसाठी तयारी होती, पन्नास मिनिटं गेली. ते रंगात आले होते. इतकी माणसं एकदम आपलं ऐकतायत, हे सुख त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा घेतलं. मग प्रश्न आले. एकाने विचारलं, किल्लीच्या खाचा म्हणजे नेमकं काय? काकांनी हात मागे नेला आणि सर्वांत जवळच्या खिळ्यावरची किल्ली काढून समोर धरली. "काका, जरा कॅमेऱ्याजवळ धरा ना, नीट दिसत नाही," असं आलं. त्यांनी जवळ धरली. "अजून थोडी सरळ." त्यांनी सरळ धरली, आणि एकेका खाचेवर नख ठेवून तिची खोली समजावून सांगितली.

शेवटचा प्रश्न जरा खोचक होता. "ओळख ना पाळख, तुमच्यासारख्यांवर विश्वास कसा ठेवायचा?"

काकांना तो लागला. छत्तीस वर्षं त्यांनी दुसरं कमावलं काय होतं? ते म्हणाले, "विश्वासाचं म्हणता? ही माझ्या हातातली किल्लीच बघा. आमच्या गणिताच्या बाईंची आहे. जुन्या वाचनालयाच्या गल्लीत, बेकरीच्या वर, तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. आत्ता बहिणीकडे गेल्यात शनिवारपर्यंत. घराची किल्ली कुणाकडे ठेवली? माझ्याकडे. बावीस वर्षं ठेवतायत. याला म्हणतात विश्वास."

टाळ्यांची चित्रं धो धो आली. सूनबाईंनी आभार मानले. पडदा काळा झाला.

काका हवेत तरंगत होते. त्यांनी किल्ली खिळ्याला अडकवली, बिल्ला सरळ केला, आणि हात तिथेच थांबला. त्यांना आपलाच आवाज पुन्हा ऐकू आला. बेकरीच्या वर. तिसरा मजला. एकट्या. शनिवारपर्यंत. आणि त्याआधी सगळ्या खाचा, नख ठेवून, एकेक करून.

कानस चालवता येणाऱ्या कुणालाही तेवढ्यावर तशीच किल्ली घडवायला अर्धा तास पुरला असता. काकांना स्वतःला वीस मिनिटं पुरली असती.

ते स्टुलावर बसले. मग उठले, मग पुन्हा बसले.  एवढ्यात फोन वाजला. सूनबाई. "बाबा! कमाल केलीत! सतरा जणांनी दुकानाचा पत्ता मागितलाय. अठ्ठेचाळीस घरांची एक वसाहत आहे, तिच्या चिटणिसांचा फोन होता. सगळ्या दारांची तपासणी तुमच्याकडून करून हवीय त्यांना. तुम्ही ते बाईंचं सांगितलंत ना, त्याने तर लोक—"

"ते रेकॉर्डिंग कुठाय?"

"तासाभरात जाईल आपोआप. नोंदवलेल्या साडेतीनशे जणांना."

"थांबव ते," काका म्हणाले. "आत्ताच्या आत्ता थांबव."

त्यांनी कारण सांगितलं. सूनबाई हुशार होत्या, त्यांना दोनदा सांगावं लागलं नाही. रेकॉर्डिंग थांबलं. पण दोनशे बारा जणांच्या कानात गेलं होतं ते परत कसं काढणार?

काकांनी बाईंना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. मग त्यांनी दुकानातलं सर्वांत चांगलं कुलूप निवडलं, हत्यारांची पेटी घेतली, खिळ्यावरची बाईंची किल्ली खिशात टाकली, शटर ओढलं आणि वाचनालयाच्या गल्लीकडे निघाले. चालता चालता कुणी ओळखीचं भेटलं तर बोलायला लागेल म्हणून खाली बघत निघाले.

बेकरीच्या बाजूने जिना होता. पायऱ्या मधोमध झिजलेल्या. तिसऱ्या मजल्यावर बाईंचं एकच दार, बाहेर चार कुंड्या. दार बंद होतं. कुलूप शाबूत होतं. काकांनी दार हलकेच ओढून पाहिलं, वाकून किल्लीचं भोक पाहिलं. कुठे ओरखडा नव्हता. त्यांचा जीव थोडा खाली आला आणि लगेच परत वर गेला, कारण आता पुढे काय? खिशात बाईंची किल्ली होती, पेटीत नवं कुलूप होतं, दहा मिनिटांचं काम. पण बाई समोर नव्हत्या. मालक समोर नसताना दार उघडणाऱ्याला लोक कुलूपवाला म्हणत नाहीत, दुसरं काहीतरी म्हणतात.

तेव्हा ते दाराला पाठ लावून पायरीवर बसले.

दुपारभर जिना चढणाऱ्या प्रत्येक पावलावर त्यांचे कान होते. पहिल्या मजल्यावर थांबलं की हुश्श. दुसऱ्यावर थांबलं की हुश्श. एकदा मात्र पावलं थांबली नाहीत. खांद्याला झोळीसारखी पिशवी अडकवलेला एक मनुष्य वर आला आणि बाईंच्या दाराकडे बघायला लागला. काका ताडकन उभे राहिले.

"कोण पाहिजे?"

"पाण्याचं मीटर बघायचंय."

"पिशवीत काय आहे?"

"डबा."

"उघडा."

तो बिचारा इतका गोंधळला की त्याने खरोखर पिशवी उघडून दाखवली. डबा, पाण्याची बाटली आणि मीटरच्या नोंदींचं यंत्र. "तुम्ही इथले रखवालदार का?" त्याने विचारलं. काका म्हणाले, "आजच्यापुरता." मीटर खालच्या मजल्यावर होतं. तो उतरून गेला, पण वळून वळून बघत गेला.

काकांनी त्या दुपारी बाईंना अकरा वेळा फोन केला. अकराही वेळा वाजत राहिला. आता त्यांना वेगळीच शंका यायला लागली. बाईंना तिकडे काही झालं तर नसेल? मग वाटलं, बरंच आहे उचलत नाहीत ते, आपण सांगणार तरी काय? या दुसऱ्या विचाराची त्यांना लाज वाटली.

तीन वाजता काकू डबा घेऊन आल्या. सूनबाईंकडून त्यांना सगळं कळलं होतं. धापा टाकत त्या शेजारी बसल्या आणि श्वास जागेवर आल्यावर म्हणाल्या, "आयुष्यभर लोकांना दारं लावायला सांगितलीत आणि स्वतःचं तोंड तेवढं उघडं ठेवलंत."

काकांनी नुसता डबा हातात घेतला. एरवी बोलले असते.

"जेवा," काकू म्हणाल्या. "उपाशी पोटी चोर पकडता येत नाही."

काकांनी पहिला घास उचलला. तेवढ्यात सूनबाईंचा फोन आला. चिटणीस पुन्हा विचारत होते, उद्या याल का? "बाबा, मी एक सुचवू का? रागावू नका. बाईंना खरं सांगायची गरज आहे का? त्यांना काहीच माहीत नाही. आपण सांगू, वेबिनारनिमित्त सोडत काढली, त्यात तुमचं नाव निघालं, नवं कुलूप फुकट बसवून देतो. त्यांचं घर सुरक्षित होईल, आपलं नाव राहील. कुणाचंच नुकसान नाही. तुम्ही खरं सांगितलंत आणि ते बाहेर पसरलं, तर ती अठ्ठेचाळीस घरं गेलीच समजा. आणि मग दुकानाचं..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. काकांना ते पुरं करून नको होतं.

दोन मिनिटांत मजकूरच आला. "अभिनंदन! आमच्या पहिल्या वेबिनारनिमित्त काढलेल्या सोडतीत आपली निवड झाली आहे." काकांनी तो चष्मा लावून वाचला. परत वाचला. खोट काढायला जागा नव्हती. बाई आनंदाने हो म्हणाल्या असत्या, उलट आभार मानले असते. याच बाईंनी त्यांच्या मुलाला, फी न घेता, दोन वर्षं गणित शिकवलं होतं. ते आठवून त्यांना जास्तच वाईट वाटलं, आणि तरीही त्यांनी तो मजकूर पुसला नाही.

"काय करणार?" काकूंनी विचारलं.

"तू काय केलं असतंस?"

"मी मुळात बोललेच नसते," काकू म्हणाल्या, आणि या वेळी त्यात चेष्टा नव्हती.

साडेपाचला फोन वाजला. पडद्यावर 'बाई'. काकांच्या हातातून तो निसटता निसटता राहिला. काकूंनी नजर दुसरीकडे वळवली. त्यांना मदत करायची नव्हती की बघवत नव्हतं, कोण जाणे.

"कुलूपवाले, बोला," बाईंचा आवाज नेहमीसारखा, वर्गात असावा तसा.

"बाई, अभिनं..." काका म्हणाले आणि अडकले.

"कसलं अभिनंदन?"

"कसलंच नाही," काका म्हणाले. मग त्यांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. किल्ली दाखवली, खाचा दाखवल्या, पत्ता सांगितला, तुम्ही एकट्या असता ते सांगितलं, शनिवारपर्यंत नाही ते सांगितलं. फुशारकी मारायच्या नादात सांगितलं. बारा वाजल्यापासून दाराशी बसून आहे, कुणी आलेलं नाही, कुलूप शाबूत आहे. मधे कुठे श्वास घेतला नाही, कारण थांबलो तर ते सोडतीचं वाक्य तोंडातून निघेल अशी त्यांना धास्ती होती.

 खाली बेकरीत पत्र्याचे ट्रे आपटल्याचा आवाज येत होता.

"मी होते तिथे," बाई म्हणाल्या.

"कुठे?"

"तुमच्या त्या वेबिनारात. दोनशे बारांतली एक. भाचीने लावून दिलं. मी बहिणीला हाक मारून म्हटलं, ये, आमचे कुलूपवाले बोलतायत. छान बोलत होता हो तुम्ही. मग माझंच घर आलं."

काका उठून उभे राहिले. "मग... मग मला थांबवलं का नाही?"

"ओरडले असते तर घर खरं आहे हे सगळ्यांना कळलं असतं. नुसती गोष्ट आहे असं निदान काहींना वाटलं असेल."

गणिताच्या बाई होत्या त्या. काकांना वाटलं, एवढं आपल्याला सुचलं असतं तर.

"आणि मी अकरा फोन केले..."

"बारा वाजता पहिला आला तेव्हा फोन हातातच होता," बाई म्हणाल्या. आता आवाज वर्गातला राहिला नव्हता. "उचलवेना. तुम्ही काय सांगाल याची भीती वाटली. काहीतरी निमित्त काढाल, कुलूप बदलून द्याल, आणि मला काही पत्ताच नाही असं समजून चालाल, असं वाटलं. तसं झालं असतं तर मी काय करणार होते? दुसऱ्या कुणाकडे जाणार होते? दिवसभर हातात फोन घेऊन बसलेय. बहीण म्हणते, घराची एवढी काळजी वाटते तर पोलिसांना कळव. तिला काय सांगू, की मला घराची नाही वाटत?"

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी पदराने डोळे पुसले आणि नाक ओढलं.

"बाई, कुलूप बदलायला हवं," काका कसेबसे म्हणाले. "पण तुम्ही समोर नाही."

"मग मला समोर घ्या. सकाळी दोनशे जणांना घेतलं होतंत, आता एकीला घ्या."

काकूंनी फोन कठड्यावर उभा धरला. पडद्यावर बाई आल्या. चष्मा, मागे परकी भिंत, आणि बाजूने डोकावणारी बहीण. काकांनी विचारलं, "लावू हात?" बाई म्हणाल्या, "लावा." छत्तीस वर्षांत हजारो दारं उघडली असतील, पण त्या दिवशी स्क्रू फिरवायला त्यांना वेळ लागला. पेचकस दोनदा निसटला. बाई बघत राहिल्या. जुनं कुलूप निघालं, नवं बसलं. काकांनी दार तीनदा लावून, उघडून दाखवलं. मग जुनी किल्ली त्यांनी पडद्यासमोर आडवी धरली, पक्कडीने मोडली आणि दोन्ही तुकडे दाखवले.

"किल्ल्या किती?" बाईंनी विचारलं.

"तीन."

"खालच्या मजल्यावरच्या मावशींना हाक मारा. त्या माझ्या कुंड्यांना पाणी घालतात. सगळ्या त्यांच्याकडे द्या."

मावशी वर आल्या, ओले हात लुगड्याला पुसत. काकांनी नव्या कुलपाच्या पाकिटातून किल्ल्या काढल्या, एक एक करून पुन्हा कुलपात फिरवून पाहिल्या, आणि मावशींच्या हातावर ठेवल्या. हत्यारं गोळा करायला ते खाली वाकले.

"कुलूपवाले," पडद्यावरून बाई म्हणाल्या. अगदी हळू म्हणाल्या. "ती खिशातली पण."

काकांनी सदऱ्याच्या खिशावर हात नेला. तिसरी किल्ली तिथेच होती. बावीस वर्षं बाईंची एक किल्ली त्यांच्याकडे राहत आली होती, आणि सवयीने हाताने एक खिशात टाकली होती. त्यांना ते कळलंही नव्हतं. त्यांचे कान तापले. त्यांनी ती काढली आणि मावशींच्या तळहातावर बाकीच्या दोन किल्ल्यांशेजारी ठेवली. मावशींनी मूठ मिटली.

खरं सांगितलं की मोकळं वाटतं म्हणतात. काकांना तसलं काही वाटत नव्हतं.

"तुमचा पुढचा वेबिनार कधी आहे?" बाईंनी विचारलं.

"पुढच्या गुरुवारी होता. पण आता घ्यायचा की नाही..."

"घ्या. सगळ्यांना आधी हे सांगा, मग कुलपांचं. किती वाजता?"

"अकराला," काका म्हणाले.

"मी लावते," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.